बेहडवाडीचा विस्मयांक

निकालाचा फोन आला तेव्हा मंजूषाबाई देवरे पाचवीच्या वर्गात फळ्यावर भाकरी काढून अपूर्णांक शिकवत होत्या. मुख्याध्यापक निकम सर चपला न काढताच वर्गात शिरले.

"बाई, पहिला! चौदा देशांत आपली बेहडवाडी पहिली!"

वर्गात तेवीस मुलं होती. एकानंही आरडाओरडा केला नाही. सगळ्यांनी आधी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. पुढच्या बाकावरच्या सार्थकनं हळूच विचारलं, "बाई, टाळ्या आता वाजवायच्या का?"

"वाजवा रे, विचारता काय!" निकम सर म्हणाले, तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. खिडकीजवळची जिजा बच्छाव मात्र दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली होती.

सरांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. बाई पुटपुटल्या, "सोमवार आहे, सर."

"अहो, पेढा उपासाला चालतो."

"चालतो. पण नको आत्ता."

सरांनी आग्रह केला नाही. बाईंचे नेम गावाला पाठ होते. सोमवार, प्रदोष, चातुर्मासात एकच धान्य, आणि रोज सकाळी पाण्याचा घोट घेण्याआधी देवघरातल्या खंडोबाच्या टाकावर बेलाचं पान. इतक्या हळू बोलणाऱ्या बाईंचं मुलं ऐकतात कशी, याचं सटाणा तालुक्यातल्या शिक्षकांना नवल वाटे. बेहडवाडीत म्हणत, बाईंच्या नेमाचं तेज आहे ते.

त्या दिवशी बाईंच्या घशाखाली पेढा उतरला नसता, त्याचं कारण सोमवार नव्हतं.

ज्याचा हा निकाल लागला, त्या प्रकल्पाचं नाव होतं 'तुलना'. शाळकरी मुलांना अवकाशविज्ञान कोणता देश कसं शिकवतो, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायचं, म्हणून २०४२ साली चौदा देशांनी मिळून तो सुरू केला होता. अशा पाहण्या आधीही झाल्या होत्या. परीक्षा घेतली, तर मुलं पाठ करतात आणि महिन्यानं विसरतात. मुलांनाच विचारलं, तर ती शिक्षकांना आवडेल तेच सांगतात. म्हणून या खेपेला ठरलं, की मुलांना काही विचारायचंच नाही. त्यांच्या शरीरालाच विचारायचं.

आपल्या मेंदूच्या बुंध्यात, मानेच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याएवढा एक निळसर ठिपका असतो. अपेक्षेपेक्षा वेगळं काही घडलं की तो जागा होतो आणि सबंध मेंदूभर एक रसायन शिंपडतो. त्याच क्षणी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, छातीचे ठोके बदलतात, आणि त्या वेळी जे समोर असेल ते मनावर खोल उमटतं. चांगला शिक्षक नकळत या ठिपक्यालाच जागं करत असतो. कपाळावर बांधायची एक मऊ कापडी पट्टी हे सगळं टिपायची. पट्टीला भुवईपाशी मोहरीएवढा कॅमेरा असायचा. मूल चकित झालं की पडद्यावर त्याच्या नावापुढे केशरी रंग चढायचा. चाळीस मिनिटांच्या धड्यात वर्गाला किती केशरी रंग चढला, त्यावरून निघे तो विस्मयांक.

धडा सगळीकडे एकच होता: चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते? शिकवायचा मात्र ज्यानं त्यानं आपल्या रीतीनं.

प्रकल्पाच्या पुण्याच्या शास्त्रज्ञ डॉ. समिधा चांदोरकर निकालानंतर आठवड्यानं बेहडवाडीला आल्या, तेव्हा त्यांनी बाकीच्या देशांच्या चित्रफिती आणल्या होत्या. फिनलंडच्या शाळेत बाई वर्गात आल्याच नाहीत. मुलं बर्फात एकमेकांभोवती फिरत होती, आपटत होती, आणि वीस मिनिटांनी बाई कॉफीचा पेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, काय सापडलं? जपानी मुलांनी महिनाभर रोज चंद्राचं चित्र काढलं होतं. त्या सगळ्या वह्या त्यांनी जमिनीवर ओळीनं मांडल्या. केनियातल्या एका गुरुजींनी तळ्यावरच्या म्हाताऱ्या कोळ्यालाच वर्गात बोलावलं. चिलीत दोन मुलींचं कडाक्याचं भांडण जुंपलं, चंद्र स्वतःभोवती फिरतो की नाही यावरून, आणि शिक्षक ते सोडवायचं सोडून मागच्या बाकावर जाऊन बसले.

"याला शिकवणं म्हणायचं?" निकम सर म्हणाले. "आमच्याकडे असं केलं तर दुसऱ्या दिवशी मेमो!"

समिधा हसल्या. "पण सर, तुमच्या बाईंनी या सगळ्यांना मागे टाकलंय. दुसऱ्या नंबरचा विस्मयांक त्रेसष्ट आहे. तुमचा एक्क्याऐंशी. मॅडम, ते तुमचं प्रदक्षिणेचं उदाहरण! मी स्वतः खगोलशास्त्र शिकलेय, पण मला हे कधी सुचलं नसतं."

बाईंनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

प्रदक्षिणेचं उदाहरण बाईंनाही सुचलेलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी असाच धडा चालू असताना एक मुलगी उठली होती आणि म्हणाली होती, बाई, आपण देवाला प्रदक्षिणा घालतो तेव्हा आपला उजवा खांदाच देवाकडे असतो की, डावा खांदा देवाला दिसतच नाही. तेव्हा अख्खा वर्ग शेजारच्या खंडोबाच्या देवळात पळाला होता. फेरी घालता घालता आपण स्वतःभोवतीही एकदा फिरतो, हे तिथे पोरांच्या ध्यानात आलं, तेव्हा जो गलका झाला त्याला पट्टी लावायची गरज नव्हती.

'तुलने'साठी बेहडवाडीची निवड झाली तेव्हा निकम सरांनी बाईंना बाजूला घेतलं होतं. शाळेचा पट कमी. अशा शाळा मोठ्या गावच्या शाळेला जोडून टाकायचा विचार वर चालू होता. प्रत्येक देशाच्या पहिल्या शाळेला मात्र तारांगणाचा घुमट मिळणार होता. घुमट असलेली शाळा कोण बंद करील?

"धडा बसवून घ्या बाई," सर म्हणाले. एवढंच.

तपासणीच्या आधी धडा बसवून घेणं काय असतं, हे कुठल्याही शिक्षकाला सांगावं लागत नाही. बाईंनी सात मुलांना सात प्रश्न वाटून दिले. कुठे कुणी बुचकळ्यात पडायचं, कुठे "अय्या" म्हणायचं, देवळात कुणी सर्वांत आधी ओरडायचं, सगळं ठरलं. अकरा वेळा तालीम झाली. जिजाच्या वाट्याला प्रश्न आला होता तो एकोणिसाव्या मिनिटाचा: "बाई, मग चंद्र स्वतःभोवती फिरतच नाही का?"

एवढ्यावर थांबल्या असत्या, तर बाईंनी स्वतःला समजावलं असतं, की सगळेच करतात. पण आदल्या दिवशी दुपारी त्या मुलांना घेऊन देवळात गेल्या. मोजमापाच्या दिवशी पोरं बावचळतील, कुणी पाहुण्यांना सांगून टाकील, असं त्यांना वाटत होतं. त्यांना स्वतःला नेमानं बळ येई; मुलांनाही येईल, असा सरळ हिशोब त्यांनी केला. देवापुढची हळद आणि बेलाचं पान त्यांनी आधी स्वतःच्या ओंजळीत घेतलं आणि मग एकेका मुलाच्या. "म्हणा, उद्या मी चुकणार नाही. धडा बसवलेला आहे हे कुणाला सांगणार नाही. खंडोबाची आण."

बेल-भंडारा उचलणं म्हणजे काय, हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बांधाच्या भांडणात मोठमोठे गडी तो उचलायला कचरतात. तेवीस मुलांनी तो उचलला. देवळात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. बाईंना ती शांतता पवित्र वाटली होती.

दुसऱ्या दिवशी एकोणिसाव्या मिनिटाला जिजा उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. चार सेकंद गेले, पाच गेले. मग पुढच्या बाकावरून सार्थकनं तिचा प्रश्न म्हणून टाकला आणि धडा पुढे सरकला.

समिधा आता नेमका तोच तक्ता पडद्यावर दाखवत होत्या. तेवीस रेघा आणि एकोणिसाव्या मिनिटाला तेवीसही रेघा केशरी.

"हे बघा. एका वेळी अख्खा वर्ग! कुठल्याच देशात असं सापडलं नाही. आम्ही याला बेहडवाडीचा क्षण म्हणतो. ती छोटी मुलगी विचारात बुडते, आणि तिच्याबरोबर सगळा वर्ग श्वास रोखतो. मॅडम, कसं जमवलंत हो?"

बाईंना जिजाचं तेव्हाचं तोंड आठवलं. ओठ पांढरे पडले होते. "आपोआप झालं," त्या म्हणाल्या.

"तेच तर!" समिधा म्हणाल्या. मग त्यांनी खरी बातमी सांगितली. 'सहशिक्षक' नावाचं शिकवणारं यंत्र तयार होत होतं. ते वर्गातल्या पडद्यावरून बोलायचं, मुलांकडे पाहायचं, कुणाला कधी विचारायचं ते ठरवायचं. ज्या वर्गाचा विस्मयांक सर्वांत जास्त, त्या वर्गावरून ते शिकणार होतं, आणि जूनपासून एकतीस हजार शाळांत जाणार होतं. तीन देशांत चाचणीही सुरू झाली होती.

त्यांनी एक चित्रफीत लावली. कुठला तरी थंडीचा देश. मुलांच्या अंगात लोकरीचे अंगरखे. यंत्र गोड आवाजात चंद्राबद्दल बोलत होतं. एकोणिसाव्या मिनिटाला ते एकदम थांबलं. त्यानं प्रकाशाचा एक झोत एका मुलीवर सोडला आणि ते तिच्या बोलण्याची वाट पाहू लागलं. मुलीनं अंगरख्याची बाही तोंडात घातली. तिच्या नावापुढे केशरी रंग भरभर चढत गेला.

"किती गुंगलीय बघा," समिधा म्हणाल्या.

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. भाषा वेगळी, कातडीचा रंग वेगळा, पण ते बाही चावणं त्यांना ओळखू आलं. जिजा आपली वेणी चावायची, इतकाच फरक.

समिधांची गाडी फाट्याच्या वळणाआड गेली तरी बाई फाटकात उभ्याच होत्या.

पुढच्या आठवड्यात जिजा तीन दिवस शाळेत आली नाही, म्हणून बाई तिच्या घरी गेल्या. मळ्यातलं घर. ओसरीवर खाटेवर तिचे आजोबा पडलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात पोटावर निपचित. जानेवारीत, धड्यानंतर अकराव्या दिवशी, विहिरीवर मोटर चालू करायला गेलेले ते तिथेच कोसळले होते.

"या बाई, या," आजी म्हणाली. "तुम्हीच सांगा या पोरीला. दोन महिने झाले, धड जेवत नाही. काय तर म्हणे उपास! आता हिच्या वयाला कसले उपास? आज तर भोवळ येऊन पडली."

जिजा खांबाला टेकून बसली होती. मनगटं काडीसारखी झाली होती. शाळेत ती डबा उघडते की नाही, हे आपण कधी पाहिलंच नाही, हे बाईंच्या लक्षात आलं. उपास करणाऱ्या बाई मधल्या सुट्टीत देवळात जाऊन बसत.

"कसला उपास गं, जिजे?"

"सोमवारचा."

"आज तर बुधवार."

"बुधवारचा पण धरला." ती थांबली, आजी आत गेल्याची खात्री केली, आणि म्हणाली, "तुम्ही धरता तसाच. तुम्ही म्हणता ना, नेमानं देव ऐकतो. मी चुकले ना बाई त्या दिवशी. म्हणून आजोबा पडले. माझ्यावर पडायला पाहिजे होतं, त्यांच्यावर कसं पडलं?"

बाईंनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, आणि तो मध्येच थांबला. त्याच हातानं त्यांनी हळद दिली होती.

"मी कुणाला सांगितलं नाही हां बाई," जिजा घाईघाईनं म्हणाली. "आजीला पण नाही. तो भाग नाही मोडला मी."

तीस वर्षं शिकवताना बाईंनी कुणावर हात उगारला नव्हता. याचा त्यांना आत कुठेतरी अभिमान होता. घरी येताना बांधावरून चालता चालता त्या अभिमानाचं काय करावं, हे त्यांना कळेना. छडीचे वळ चार दिवसांत जातात.

सांगून टाकायचं, हे त्याच वाटेवर ठरलं. पण ठरलं म्हणजे जमलं असं नव्हे. बेल-भंडारा त्यांनीही उचलला होता, आणि मोडला तर पडणार कुणावर? त्यांच्या लेकीला, ऋतुजाला, आठवा लागला होता. नाशिकला फोन करून त्यांनी उगाचच विचारलं, बाळ फिरतंय ना? "आई, सकाळीच तर विचारलंस," लेक म्हणाली. तेव्हा बाईंना उमगलं, की आपल्याला जी भीती वाटतेय ती ह्या वयात, इतकी वर्षं देवाशी बोलून झाल्यावर. दहा वर्षांच्या पोरीनं दोन महिने ती एकटीनं उचलली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी वर्गाचं दार लोटलं आणि समिधांना पडद्यावर बोलावलं. मोजमापाच्या वेळची एक पट्टी आठवण म्हणून शाळेला दिलेली होती. ती त्यांनी कपाळाला बांधली.

"हे काय मॅडम? माझ्या इथे तुमचा तक्ता दिसायला लागला."

"दिसू द्या. तुम्ही फक्त त्याच्याकडे बघा." बाईंनी ओंजळीत हळद आणि बेलाचं पान घेतलं. आवाज त्यांच्या मानानंही बारीक निघाला. "डॉक्टर, आमचा धडा बसवलेला होता. अकरा वेळा. प्रश्न मी वाटून दिले होते. आणि कुणी चुकू नये म्हणून मी मुलांकडून देवाची शपथ घेतली होती."

समिधा तक्त्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचा तक्ता पूर्ण केशरी आहे. नव्वदच्या वर. मॅडम, तुम्हाला एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय?"

"आश्चर्य नाही हो. मी घाबरलेय."

पलीकडे खुर्ची करकरली. समिधा उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या हुशार होत्या. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. तो निळसर ठिपका चमत्कार पाहून जागा होतो, तसाच वाघ पाहूनही होतो. रसायन तेच, बाहुल्या तशाच मोठ्या होतात. हे त्यांच्या शास्त्रात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण चंद्राच्या धड्यात कुठलं मूल कशाला घाबरेल, असं चौदा देशांच्या विद्वानांनी धरून चालायचं ठरवलं होतं.

"आणि तो क्षण? एकोणिसाव्या मिनिटाचा?"

"एक मुलगी अडकली. तिच्यावर आता देव कोपणार, असं बाकीच्या बावीस जणांना वाटलं."

"आणि आम्ही तो क्षण यंत्रात भरला," समिधा म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "तुम्ही त्या दिवशी सांगायचं होतंत! मी तुमच्यासमोर ती चित्रफीत लावली होती. तुम्ही बघत होतात!"

"हो," बाई म्हणाल्या. "बघत होते."

निकाल मागे घेतला गेला. सहशिक्षकाचं काम थांबलं. घुमट गेला. बाईंकडून लेखी खुलासा मागवण्यात आला, आणि त्यांनी तो चार ओळींत दिला. त्यात निकम सरांचं नाव नव्हतं. तरी सर त्यांच्याशी बोलेनात. शेवटी एका सकाळी तेच म्हणाले, "बाई, चौदा देशांत बाकी सगळे काय धुतल्या तांदळाचे होते? कुणी सांगितलं का? तुम्हालाच तेवढी खाज." आणि जरा वेळानं, "ती बच्छावांची पोर जेवते का आता?"

नव्हती जेवत. सगळ्यांत अवघड काम तेच राहिलं होतं.

बाईंनी वर्गाला सगळं सांगितलं. चूक माझी, तुमची नाही. शपथ मी घालायलाच नको होती. मुलं ऐकत राहिली. मग सार्थक म्हणाला, "पण बाई, उचललेला बेल-भंडारा परत कसा ठेवायचा?"

बाईंना माहीत नव्हतं. देवळाच्या गुरवाला त्यांनी आधीच विचारलं होतं, त्यालाही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या सगळ्यांचं जे काय असेल, ते माझ्यावर येऊ दे. मी घेते."

जिजाचे डोळे मोठे झाले. "म्हणजे आता तुम्हाला काही होणार?"

बाईंच्या ध्यानात आलं, की आपण ओझं उतरवलं नाही, नुसतं दुसऱ्या खांद्यावर टाकलं. आणि पोर आता आपल्यासाठीही उपास धरील. त्या बाकावर तिच्या शेजारी बसल्या. "जिजे, देव असा नाही गं. पोरीचा एक प्रश्न चुकला म्हणून तो कुणाच्या म्हाताऱ्याला पाडत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

असा प्रश्न या वर्गात बाईंना कुणी विचारला नव्हता. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी तसं मानते."

"मग खंडोबाची आण मोडली की वाईट होतं, हे पण तुम्ही मानतच होतात ना?"

मागच्या बाकावर कुणी तरी खुसखुसलं. जिजाला हसू आलं नाही. ती कपाळाला आठ्या घालून विचार करत होती. "मी एकटीच चुकले," ती हळूहळू म्हणाली. "आणि आजोबा पडले. पण मी चुकले नसते तरी पडले असते का, ते कसं कळणार? एकीवरून नाही कळत. सगळ्यांनी मोडून बघायला पाहिजे. तेवीस जणांनी. अकरा दिवस."

जन्मभर बाईंनी नेम पाळायला शिकवलं होतं. आता देवाच्या नावानं घेतलेली शपथ वर्गानं ठरवून मोडायची, आणि त्यांनी बघत बसायचं? पण पोरीनं नेमका तोच पडताळा मागितला होता जो चौदा देशांच्या पाहणीत राहून गेला होता. त्यांनी वर्गाला सांगितलं, "कुणाला भीती वाटत असेल त्यानं मोडू नये. मी रागावणार नाही." सहा जणांनी नकारार्थी माना हलवल्या. सतरा जण घरी गेले आणि त्यांनी आपापल्या आईबापांना सांगितलं, की धडा बसवलेला होता.

ते अकरा दिवस बाईंनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. रोज हजेरी घेताना त्या विचारत, "घरी सगळे बरे?" आणि जिजा वहीत सतरा आणि सहा अशा दोन रकान्यांत खुणा करी. लेकीला दिवसातून चार फोन जात. सातव्या दिवशी सार्थक आला नाही. बाई वर्ग सरांवर सोपवून उन्हातून त्याच्या वस्तीपर्यंत अक्षरशः धावल्या. तो अंगणात बसून उसाचं कांडं सोलत होता.

"मामाकडे जायचंय बाई, म्हणून दांडी," तो म्हणाला. मग त्यांच्याकडे बघून त्याचा चेहरा बदलला. "बाई, पाणी आणू का?"

अकराव्या दिवशी जिजाचे दोन्ही रकाने भरले. सतरा जणांत कुणाला काही झालं नव्हतं. सहा जणांतल्या एकीची आजी मात्र तापानं आजारी होती.

"शपथ न मोडता?" जिजानं तिला दोनदा विचारून घेतलं. वही मिटली. त्या दुपारी मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी हातात धरून ती बाईंपाशी आली. "मग आजोबा कशानं पडले?"

बाईंनी उपकेंद्रातल्या अलकाताईंना बोलावून घेतलं. अलकाताई म्हणजे गावच्या आरोग्यसेविका. आवाज खणखणीत, थट्टेखोर. दुसऱ्या दिवशी त्या रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन वर्गात आल्या आणि त्यांनी मेंदूतल्या नळ्या, दाब, गुठळी, सगळं फळ्यावर काढलं.

"बच्छावबाबांचा दाब दोन वर्षांपासून वाढलेला," त्या जिजाला म्हणाल्या. "गोळ्या दिल्या होत्या. घेत नव्हते. मी काय कमी ओरडले त्यांच्यावर? बरं, चला, मोजून बघायचा कुणाचा?"

"बाईंचा!" वर्ग ओरडला. कुणाच्या तोंडाकडे न बघता ओरडला.

बाई खुर्चीत बसल्या. दंडाला पट्टा गुंडाळला गेला. हवा भरायचा फुगा अलकाताईंनी जिजाच्या हातात दिला. तेवीस डोकी आकड्यांवर वाकली. "एकशे साठ," जिजानं वाचलं. "हे जास्त आहे?"

"बरंच जास्त," अलकाताई म्हणाल्या. "पण लगेच गोळी नाही द्यायची. एवढी पोरं अंगावर आल्यावर माणूस घाबरलं, तरीही आकडा वर जातो."

"मग आजारामुळे वाढला का घाबरल्यामुळे, ते यंत्राला कसं कळतं?"

"यंत्राला नाही कळत गं. माणसालाच विचारावं लागतं."

जिजानं फुगा खाली ठेवला. बाईंच्या अगदी समोर येऊन तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाई, तुम्हाला भीती वाटतेय का?"

"हो," बाई म्हणाल्या. मग त्या आणखी म्हणाल्या, "तुझ्या घरी आले त्या दिवसापासून वाटतेय. तुझी."

जिजानं थोडा विचार केला. मग तिनं शेजारचं स्टूल ओढलं, त्यावर बसली, आणि बाईंच्या पट्टा बांधलेल्या हातावर आपला हात ठेवून अलकाताईंना म्हणाली, "थोड्या वेळानं परत मोजू."